लाटा नव्हेत, पाण्याची पातळी

संपादक महोदय,

गेल्या उधाणाला आपल्या पहिल्या पानावर ‘आज समुद्रात पावणेपाच मीटर उंच लाटा उसळणार’ अशी ठळक बातमी होती. दुपारी ठाण्याहून मुलाचा फोन आला, “आई, आज बांधावर जाऊ नकोस.” मी तेव्हा बांधावरच उभी होते. समोर खाडी निवांत पसरलेली, एकही लाट नाही, आणि पाणी बांधाच्या माथ्यापासून जेमतेम वीतभर खाली.

पावणेपाच मीटर ही लाटेची उंची नव्हे. ती भरतीच्या पाण्याची पातळी आहे, आणि तीही समुद्राच्या सरासरी पातळीपासून मोजलेली नाही. मोठ्या ओहोटीला पाणी जिथवर उतरतं, त्याच्या आसपास शून्य धरलेलं असतं. मुंबईत समुद्राची सरासरी पातळीच या शून्यापासून साधारण अडीच मीटरवर येते. म्हणजे पावणेपाचची भरती सरासरीपेक्षा सव्वादोन मीटर वर. भावनगरला उधाणाची भरती दहा मीटरच्या पुढे जाते. मग तिथे काय रोज तीन मजली लाटा येतात? लाटा वाऱ्याने उठतात, त्यांचा अंदाज वेगळा असतो आणि तो हैदराबादची ‘इन्कॉइस’ ही संस्था वेगळा देते. दोन्ही आकडे एकाच मथळ्यात कालवले की मरीन ड्राइव्हवर लाटा बघायला गर्दी होते आणि आमच्या खारेपाटात, म्हणजे खाडीकाठच्या बांधांआडच्या खारजमिनीत, घाबरायचं कशाला ते कळत नाही. आमच्याकडे पाणी गुपचूप चढतं, आवाजसुद्धा करत नाही.

वेळेचं गणित मला सासूबाईंनी शिकवलं. त्या शाळेत गेल्या नव्हत्या, पण पाऊणकी तोंडपाठ. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ: चौथीला तीन, अष्टमीला सहा. दिवसाची आणि रात्रीची भरती सव्वाबारा-साडेबारा तासांच्या अंतराने येते, म्हणून रोज साधारण पन्नास मिनिटं उशीर होतो. भरती-ओहोटीच्या छापील तक्त्यातली वेळ मुंबईच्या अपोलो बंदराची. आमच्या खाडीत वर पाणी भरायला आणखी अर्धा-पाऊण तास लागतो, तो ज्याचा त्याने धरायचा. सगळ्यात मोठं पाणी मात्र पुनवेला किंवा अवसेला नसतं, एक-दोन दिवसांनी येतं. “पुनवेला निजलास तरी चालेल, बीजेला जागा राहा,” असं त्या सासऱ्यांना म्हणायच्या.

पाऊणकीने उंची कळत नाही. चंद्र कधी साडेतीन लाख किलोमीटरच्या जवळपास येतो, कधी चार लाखांच्या पुढे जातो. तो जवळ असताना पुनव किंवा अवस आली की पाणी नेहमीच्या उधाणापेक्षा वर चढतं. हे तक्त्यात आधीच धरलेलं असतं, त्यामुळे त्या आकड्यावर माझा विश्वास आहे. तक्त्यात नसतो तो त्या दिवशीचा वारा. हवेचा दाब एक मिलिबारने उतरला की पाणी सुमारे एक सेंटीमीटर फुगतं, आणि नैर्ऋत्येचा वारा दोन दिवस लागला की ते खाडीत ढकललं जातं.

चार वर्षांपूर्वी आषाढातल्या तिजेला तक्त्यातला आकडा साडेचारच्या आत होता, त्यामुळे बातमीही नव्हती. वारा मात्र थांबत नव्हता. उघाडीच्या, म्हणजे बांधातल्या पाणी सोडायच्या झडपांच्या दाराच्या, खांबावर मी खिळ्याने रेघ ओढून ठेवली आहे. पाणी तिच्या वर चार बोटं गेलं, बांधावरून सांडू लागलं आणि बांधाला वीसेक पावलांची खांड, म्हणजे भगदाड, पडली. लावणी झालेलं शेत खाऱ्या पाण्याखाली गेलं. पुढच्या महिन्यात आकडा मोठा होता, बातमीही मोठी होती, वारा पडलेला होता आणि पाणी रेघेच्या आत राहिलं. मुंबईकरांना २६ जुलै २००५ आठवत असेलच. सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला त्या दिवशीची भरती ४.४८ मीटर होती, साडेचारसुद्धा नाही.

म्हणून आपल्याला तीन गोष्टी सुचवते. ‘लाटा’ हा शब्द काढून ‘भरतीची पातळी’ लिहा. भरतीच्या वेळेशेजारी ओहोटीची वेळ छापा, कारण भरतीला उघाडीच्या झडपा बाहेरच्या पाण्याने दाबून बंद होतात. शेतात तुंबलेला पाऊस बाहेर पडतो तो ओहोटीलाच. भरतीची वेळ आम्हाला पाठ आहे, आम्ही वाट बघतो ती ओहोटीची.

तिसरी गोष्ट हिवाळ्याची. पावसाळ्यात आपल्याकडे दिवसाची भरती मोठी असते, तिचे फोटो निघतात. मार्गशीर्ष-पौषात उलट होतं, रात्रीची भरती मोठी. मध्यरात्री येते, बघायला कोणी नसतं, छापत तर कोणीच नाही. जुलैत खांड पडली तर पुढचा पाऊस मीठ थोडंफार धुऊन तरी नेतो. पौषात पडली तर ते जूनपर्यंत जमिनीत मुरत राहतं, आणि तळ्यातला गोड्या पाण्याचा मासाही जातो. त्या रात्रींची तारीख, वेळ आणि पातळी एवढी एक छोटी चौकट पुरे. बॅटरी घेऊन बांधावर आम्ही जाऊ.

— खारेपाटातील एक शेतकरी वाचक, ता. पेण, जि. रायगड