रबाळ्याच्या मिस्त्री दादांना, आमच्या पिकअपच्या ठक ठक बद्दल

नमस्कार मिस्त्री दादा,

मी त्या कांद्याच्या पिकअपवाल्या काकांची मुलगी, ओळखलंत ना. तुम्ही हे वाचाल की नाही देव जाणे, तुमचा मोबाईल बघितलाय मी, काच फुटलेली आणि अर्धी स्क्रीन ग्रीसने काळी, त्यावर एवढं लांबण कोण वाचणार. पण तुमचा तो हाताखालचा पोरगा दिवसभर फोनमध्येच असतो, तो वाचून दाखवेल. नाव टाकत नाहीये. तुम्हीच म्हणालात ना, "नाव बिव नका टाकू ताई, गर्दी झाली तर जेवायला कधी बसू", म्हणून तुमचं नाव नाही, गॅरेजचं नाही, रबाळे एवढंच लिहिते, आणि रबाळ्याला गॅरेजं काय एक-दोन आहेत का.

थँक्यू तुम्हाला तिथेच म्हणायचं होतं, पण तेव्हा घसा भरून आला होता आणि गॅरेजात पोरांसमोर रडायचं नव्हतं, म्हणून मी उगाच बिल बघत बसले. आता लिहिते.

बाकीच्यांना कळावं म्हणून थोडं मागचं सांगते. आमची गाडी पहाटे वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटला भरते, ठाणे-बेलापूर रोडने ऐरोली, दिघा, विटावा करत कळव्याला येते आणि मग खारेगाव, उथळसर, नौपाडा अशी ठरलेली दुकानं. विटाव्याला रेल्वे पुलाखालचा रस्ता पावसाळ्यात ज्याने बघितलाय त्याला वेगळं सांगायला नको, वर पाणी आणि खाली काय आहे ते चाक गेल्यावरच कळतं. तर पावसाळा संपता संपता हे सुरू झालं. लोड असताना गाडी सावकाश वळवली की स्टेअरिंगमध्ये ठक, परत सरळ केली की ठक. मोकळ्या रस्त्याला पळवली तर काही नाही, रिकामी असली की कधी येणार कधी नाही.

बाबा पहिल्या दिवसापासून एकच सांगत होते, "हाताला लागतंय." आवाज येतो असं त्यांनी कधी म्हटलंच नाही. आयुष्य डिझेल इंजिनच्या शेजारी बसून गेलंय, आधी मालकाच्या टेम्पोवर आणि आता स्वतःच्या गाडीवर, डाव्या कानाने थोडं कमी येतं त्यांना. ते स्वतःच सांगतात सगळ्यांना, त्यात लपवण्यासारखं काय आहे. पण स्टेअरिंग धरलं की गाडीच्या पोटात काय चाललंय ते त्यांना कळतं, मागच्या टायरमध्ये हवा कमी आहे हे ते खाली न उतरता सांगतात आणि ते खरं निघतं, हे मी लहानपणापासून बघत आलेय.

मग आम्ही गेलो सर्व्हिस सेंटरला. कुठलं ते सांगत नाही, ज्यांना लागायचं त्यांना लागेल. तिथे एसीत बसलेल्या त्या टाय घातलेल्या मुलाने विचारलं, आवाज कुठून येतो. बाबा म्हणाले आवाजाचं मला नीट सांगता येणार नाही बाबा, पण हाताला लागतंय, पायाला नाही लागत, हाताला लागतंय. तो टाईप करता करता थांबला आणि म्हणाला, "काका, ऐकायला कमी येतं म्हणता आणि आवाजाची कंप्लेंट करता?" शेजारचे दोघं हसले. आणि दादा, बाबा पण हसले. ते जे बाबा हसले ना, समोरच्याला वाईट वाटू नये म्हणून हसतात तसं, ते माझ्या डोळ्यासमोरून जात नाही. मी काहीतरी बोलणार होते तर त्यांनी माझ्या हातावर हात ठेवून मला गप्प केलं.

गाडी रिकामी करून आणा म्हणाले, धुऊन आणा म्हणाले. केली रिकामी, आणली धुऊन, एक खाडा पडला. त्यांच्या माणसाने समोरच्या गुळगुळीत रस्त्यावर एक चक्कर मारली आणि जॉब कार्डवर लिहून दिलं, "नो अबनॉर्मल नॉइज ऑब्झर्व्ड". झालं. नंतर परत गेलो तर म्हणे टायरॉड एंड, म्हणजे चाक वळवणाऱ्या दांड्याचं टोक, बदलूया, मग स्टॅबिलायझरचे रबरी बुश, मग वर अलाइनमेंट, सगळं अंदाजपंचे दाहोदरसे. बिल आलं, ठक तशीच. जुने पार्ट मागितले तर स्क्रॅपला गेले. बाहेरच्या एका गॅरेजवाल्याने तर खालून सगळीकडे ऑईल फवारलं आणि दोन दिवस कसं वाटतंय बघा म्हणून पाठवलं, दोन दिवसांनी फोन उचलेना.

पैशांचं एक वेळ जाऊ दे. मला राग आला तो वेगळ्याच गोष्टीचा, की बाबांनी सांगणंच बंद केलं. विचारलं तर म्हणायचे, "अगं नाही, मलाच भास होत असेल, वय झालं आता." आई म्हणाली एकदा डॉक्टरला हात दाखवून या, मुंग्या येत असतील. म्हणजे बिघाड गाडीत आणि डॉक्टरकडे जायचं बाबांनी!

मग मार्केटमध्ये चहाच्या टपरीवर कोणीतरी ड्रायव्हरने तुमचा नंबर दिला. मी फोन केला, म्हटलं गाडी कधी रिकामी करून आणू, तर तुम्ही म्हणालात, "रिकामी कशाला? माल भरलेलीच आणा, लोडवर येतंय ना?" तिथेच मला वाटलं होतं की हा माणूस वेगळा आहे.

आलो तेव्हा मागे गोण्या, वर ताडपत्री, दुकानदारांचे फोनवर फोन. तुम्ही गाडीकडे गेलातच नाही आधी. बाबांकडे आलात आणि विचारलंत, "काका, कुठे लागतं, हाताला का पायाला?" बाबांनी प्रश्न पुरता होऊ दिला नाही. हाताला, हाताला! मला तर वाटलं ते आता तुम्हाला मिठीच मारतात.

पुढचं काम मी सगळं बघत होते, पण मला इथे एकच सांगायचंय. तुम्ही बॉनेट उघडलं, पोराला केबिनमध्ये बसवलं, इंजिन बंद ठेवायला सांगितलं, जॅक लावला नाही, चाकं जमिनीवरच. पोरगा स्टेअरिंग थोडं डावीकडे थोडं उजवीकडे असं हलवत होता आणि तुम्ही आत हात घालून एकेका जॉइंटवर दोन बोटं टेकवत खालून वर येत होता. एका जागी बोटं थांबली. तुम्हाला कळलं होतं, तुमच्या चेहऱ्यावरच दिसलं मला. तुम्ही तिथेच सांगून टाकलं असतं की स्टेअरिंगचा शाफ्ट गेलाय, एवढे पैसे होतील, तरी चाललं असतं, आम्ही आनंदाने दिले असते. पण तुम्ही काहीच बोलला नाहीत. हात बाहेर काढला, गॅरेजातला काळा फडका बाजूला टाकून खिशातल्या रुमालाला पुसला, बाबांचं मनगट धरलं आणि त्यांचा हात आत नेऊन त्या शाफ्टवर ठेवलात. पोराला म्हणालात, हलव. आणि बाबांना म्हणालात, "हेच ना काका?"

बाबा म्हणाले, "हेच." मग परत म्हणाले, "हेच हो, हेच." हात काढायलाच तयार नव्हते, बोनेटमध्ये वाकून उभेच.

आणि वर तुम्ही पोराला ओरडून सांगितलंत, म्हणजे सगळ्या गॅरेजला ऐकू जाईल असं, की ड्रायव्हर हाताला लागतंय म्हणाला ना की आधी वर बघायचं, टायरॉडच्या मागे लागायचं नाही. बाबांच्या त्या कानाला सुद्धा ऐकू गेलं ते!

मग चहा येईपर्यंत तुम्ही मला समजावून सांगितलंत, ते माझ्या भाषेत लिहिते, चुकलं असेल तर पोराकडून निरोप पाठवा. स्टेअरिंगपासून खाली चाकं वळवणाऱ्या स्टेअरिंग बॉक्सपर्यंत मध्ये एक शाफ्ट असतो. बॉक्स चासीला, म्हणजे गाडीच्या खालच्या सांगाड्याला, बोल्टने पक्का, केबिन मात्र चासीवर रबरावर बसलेली, त्यामुळे खड्ड्यात चासी पिळली की केबिन आणि बॉक्समधलं अंतर जरासं कमी-जास्त होतं. म्हणून तो शाफ्ट एकात एक सरकणारा केलेला असतो, आत उभ्या खाचा आणि खाचांमध्ये ग्रीस. ग्रीस सुकलं, पाणी गेलं, खाचा झिजल्या की सरकायचं ते अडकून बसतं आणि मग झटक्यात सुटतं, तीच ठक. आमच्या गाडीत त्यावरचा क्रॉस, म्हणजे शाफ्टचा वळणारा सांधा, तोपण ढिला झाला होता. लोड असला की चाकं वळायला जोर लागतो, सावकाश वळताना आणखी जास्त, म्हणून तेव्हाच यायची. रिकाम्या गाडीला गुळगुळीत रस्त्यावर कशी येणार? आणि बुश वगैरेंचा दणका बहुतेक पायाखालच्या पत्र्याला जाणवतो, हा शाफ्ट थेट स्टेअरिंगला जोडलेला, म्हणून तो तळहातात येतो. म्हणजे बाबा जे "हाताला लागतंय, पायाला नाही" असं घोकत होते त्यातच सगळं निदान होतं आणि आम्ही ते ऐकणाऱ्या माणसाच्या शोधात ठाण्यापासून वाशीपर्यंत फिरत होतो.

तुम्ही हेही सांगितलंत की ग्रीस भरून देऊ शकतो, आवाज जाईल, पण खाचा झिजल्यात, परत येणार, आणि स्टेअरिंगचं काम आहे, इथे काटकसर नको. दुसरा कोणी ग्रीस भरून पैसे घेऊन मोकळा झाला असता आणि आम्ही त्याचेही पाय धरले असते, एवढे वैतागलो होतो. नवीन शाफ्ट मागवलात, शाफ्ट काढायच्या आधी स्टेअरिंग फिरू नये म्हणून सीटबेल्टने बांधलंत, जोडावर पांढऱ्या रंगाचा ठिपका दिलात, बोल्ट नवीन टाकलात. बाकी काय केलंत ते मला कळलं नाही. दुसऱ्या दिवशी विटाव्यावरून बाबांचा फोन, एरवी गाडी चालवताना ते फोन करत नाहीत, बाजूला लावून केला. म्हणे "काही नाही गं." मी घाबरले, म्हटलं काय झालं, तर परत, "काही नाही लागत गं हाताला!"

बिल बघून बाबा म्हणाले मिस्त्री काहीतरी विसरलाय. शोधून काढायचे पैसे लावलेच नव्हतेत तुम्ही. गोणी उतरवतो म्हणाले तर तुम्ही पिशवीत मावतील एवढे कांदे घेतलेत आणि बाकी गिऱ्हाईकाला द्या म्हणालात.

बाबांचा एक जुना दोस्त मार्केटमध्ये माथाडी आहे. गोणी पाठीवर घेतली की तो सांगतो ही पन्नासची नाही, आणि काट्यावर टाकली की खरंच कमी भरते. त्याला कोणी म्हणत नाही की तुला भास होतोय, व्यापारी गपचूप दुसरी गोणी आणतो. अण्णासाहेब पाटलांनी माथाडींना एकत्र करून लढा दिला, १९६९ साली कायदा झाला, आज त्यांच्यामागे निदान बोर्ड तरी आहे. ड्रायव्हरच्या मागे कोण आहे? रस्त्यात पोलीस हात करतो, सोसायटीचा वॉचमन गेटवर अडवतो, दुकानदार उशीर झाला म्हणून भाडं कापतो, आणि स्वतःच्या गाडीबद्दल बोलायला गेला तर तिथेही टाय घातलेलं पोरगं हसतं. अशा माणसाला कोणीतरी चार लोकांत म्हणालं की काका तुम्ही बरोबर सांगत होतात, तर काय होतं ते मी आमच्या घरी बघतेय. बाबा परत जेवताना गाडीबद्दल बोलायला लागलेत. आई कंटाळलीये, मी नाही.

तो जुना शाफ्ट तुम्ही पेपरात गुंडाळून हातात दिलात ना, मला वाटलं भंगारात जाईल. कसला जातोय, सीटखाली ठेवलाय! मार्केटमध्ये जो भेटेल त्याला काढून दाखवतात, हातात देतात आणि म्हणतात हलवून बघ, लागतंय का हाताला. सर्व्हिस सेंटरच्या त्या मुलालापण नेऊन दाखवायचा म्हणत होते, मी म्हटलं नको, पेट्रोल पंपावरून यू टर्न मारायला लागतो, डिझेल फुकट जाईल.

तर दादा, मनापासून आभार. पुढच्या ग्रीसिंगला गाडी तुमच्याकडेच येणार आहे, आणि बाबा एकटे येणार नाहीयेत, मार्केटमधला एक बटाटेवाला पण निघालाय सोबत, त्याच्या गाडीला म्हणे पायाला लागतंय. जेवण आधी उरकून घ्या.

तुमची,
पिकअपवाल्या काकांची मुलगी, कळवा