टेकडीवरच्या काकांना

काका,
सा. न. वि. वि.

तोंडावर आभार मानले की तुम्ही ‘चहा टाकू का?’ म्हणून विषय बदलता. म्हणून हे पत्र चारचौघांत.

आज 5 नोव्हेंबर, जंगल आणि पक्ष्यांवर लिहिणाऱ्या मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस. 12 तारखेला पक्षीतज्ज्ञ सालिम अलींचा. मधला हा पक्षी सप्ताह, त्यामुळे आपल्या ग्रुपवर सकाळपासून फोटोंचा पाऊस पडतोय. माझ्याकडे फोटो एकही नाही. यंदा मी पक्षी पाहिले कमी, ऐकलेच जास्त, आणि ते तुमच्यामुळे.

मार्चअखेर स्कूटरवरून पडले आणि घोटा मोडला. सात आठवडे प्लास्टर, पाय जमिनीला टेकवायचा नाही. पलंगावरून दिसायचं काय, तर समोरच्या बिल्डिंगची टाकी आणि शेवग्याचा शेंडा. चौथ्या दिवशी वैतागून तुम्हाला फोन केला, की मागच्या बाजूला कुणाचं तरी प्लंबिंग चाललंय, दिवसभर नुसतं टुक टुक टुक. तुम्ही हसलात. ‘अगं, कसब्यात वाढलीस ना? तांबट आळी विसरलीस?’ तांब्याचं भांडं ठोकल्यासारखा आवाज काढतो म्हणून त्या पक्ष्याला तांबट म्हणतात, हे मला शाळेपासून पाठ होतं. कानाला मात्र पत्ता नव्हता.

मग रोज रेकॉर्डिंग पाठवायला लागले. ॲपने दोन सेकंदांत नाव सांगितलं असतं, तुम्ही सांगायचा नाहीत. उलट प्रश्न: सलग की थांबून थांबून? सूर चढतो की एकाच पट्टीत? खालून झुडपातून येतो की वरून? सुरुवातीला राग यायचा, खरं सांगते. मी आजारी माणूस, आणि हे परीक्षा घेतायत! पण उत्तर द्यायचं म्हणून दहा-दहा मिनिटं डोळे मिटून पडून राहायचे, आणि तेवढा वेळ पायाचा ठणका लक्षातच यायचा नाही.

असं करत दयाळ कळला. उजाडायच्या आधी टाकीवर बसून लांबलचक शीळ घालणारा, दर वेळी चाल थोडी बदलणारा. शिंपी कळला. वजन 10 ग्रॅमच्या आत, आणि आवाज असा की मी भारद्वाजाएवढा पक्षी धरून चालले होते. कोकिळेबद्दल ‘किती गोड गाते ती’ लिहिलं, तर तुमचा एका ओळीचा निरोप: ‘गातो तो. ती किक-किक करते.’ आणि एक ‘चिप चिप चिप’ मी तीन दिवस नेटाने पाठवत होते, नवीन काहीतरी सापडलं म्हणून. ती खार निघाली. ही गोष्ट तुम्ही ग्रुपवर सांगितली नाहीत, त्याचे आभार वेगळे.

पण सगळ्यात मोठं काम मे महिन्यातलं. पावसाळ्याआधीची फांद्यांची छाटणी निघाली आणि शेवग्याची वाळकी फांदी पहिल्या यादीत होती. तांबट वाळक्या, मऊ लाकडातच ढोली कोरतो, हे तुम्हीच सांगितलेलं. मी खिडकीतून ओरडण्यापलीकडे काय करणार होते? तुम्ही उन्हात आलात, छाटणीवाल्यांना सरबत पाजलंत, सेक्रेटरींना ढोली दाखवलीत. फांदी राहिली. प्लास्टर निघाल्यावर कुबड्यांवर खाली गेले तेव्हा त्या भोकातून एक जाडी चोच आणि कपाळावरचा लाल ठिपका बाहेर डोकावत होता. दुर्बीण लागली नाही.

त्याच सुमारास रात्री दीड-दोनला पावशा ओरडायचा. ‘पेरते व्हा, पेरते व्हा’, चढत चढत जायचा आणि एकदम तुटायचा. एकदा तो तसाच तुम्हाला पाठवला, वेळ न बघता. लगेच निळी खूण आली. म्हणजे तुम्हीही जागे होतात. काकू गेल्यापासून तुम्हाला झोप लागत नाही, हे मला तेव्हा कळलं. त्यावर आपण दोघंही काही बोललो नाही. दुसऱ्या रात्री पावशा तुम्ही पाठवलात, तुमच्या बाजूचा.

पाय आता बरा आहे, चढ सोसतो. रविवारी टेकडीवर येते.

आज सकाळी गच्चीवर एक नवा आवाज होता. उडता उडता, दोन तुकड्यांत, ‘चि-झिट’. टाकीच्या ओलीपाशी उतरला, शेपटी खालीवर. नाव मला कळलंय असं वाटतंय, पण लिहीत नाही. रेकॉर्डिंग पाठवलंय. विचारा काय विचारायचं ते.

तुमची,
खारवाली