कराराची सगळी पानं वाच

मिरज

चि. निखिलला अनेक आशीर्वाद.

पुण्याच्या हॉस्पिटल ग्रुपची नोकरीची ऑफर घ्यावी की इथं आपल्या हॉस्पिटलात यावं, असं तू बाबांना विचारलंस. ते म्हणाले, "तुझं तू ठरव." त्यांच्याकडून याहून जास्त काही निघणार नाही हे तुलाही ठाऊक आहे, म्हणून मी लिहितेय. हॉस्पिटलचे कागद आजवर मीच सांभाळलेत, तेव्हा माझंही ऐक.

ऑफर घे.

बाबांनी हे १२ खाटांचं हॉस्पिटल काढलं तेव्हा एक ऑपरेशन थिएटर, दोन सिस्टर आणि फोन केला की स्कूटरवरून येणारे भूलतज्ज्ञ, एवढ्यावर भागायचं. हर्निया, हायड्रोसील, अपेंडिक्स. अथणी-जमखंडीकडचे पेशंट नाव ऐकून यायचे. तुझं युरॉलॉजीचं, म्हणजे मूत्रविकारांचं, काम तसं नाही. खडे फोडायचा होल्मियम लेसर, दुर्बिणी, ऑपरेशन चालू असताना एक्स-रे दाखवणारं सी-आर्म हे सगळं एकट्याच्या कर्जावर घेतलंस, तर हप्ते फेडायला ऑपरेशनं शोधत बसावं लागेल. ते मला नको आहे. शिवाय सी-आर्मला एईआरबीचा (अणुऊर्जा नियामक मंडळाचा) परवाना, जैविक कचऱ्याची नोंद, नर्सिंग होमच्या नोंदणीचं नूतनीकरण, फायर ऑडिट. फायर ऑडिटबद्दल माझी तक्रार नाही बरं. २०२१ साली भंडाऱ्यात दहा बाळं गेली, त्यानंतर तपासणीला कुणी आलं की मी आधी चहा टाकते.

आमचं खरं नुकसान कॅशलेसने केलं, म्हणजे बिल विमा कंपनीने परस्पर भरायच्या सोयीने. कार्ड जिथं चालतं तिथं पेशंट जातो, त्याला दोष कसा द्यायचा? २०२४ च्या जानेवारीत विमा कंपन्यांनी 'कॅशलेस एव्हरीव्हेअर' आणलं, पण अट १५ खाटांची. तीन खाटांसाठी मागची भिंत पाडावी का, यावर आमची भांडणंही झाली. भिंत शाबूत आहे. आणि पाडली असती तरी विमा कंपन्यांशी दर ठरवताना मोठ्या ग्रुपकडे घासाघीस करायला अख्खा विभाग असतो, आपल्याकडे मी.

आता करार. पहिली एक-दोन वर्षं ते एमजी, म्हणजे मिनिमम गॅरंटी, काम कितीही झालं तरी ठरलेली किमान रक्कम, देतील, तो आकडा बघून हुरळू नकोस. एमजी संपल्यावर तुझा वाटा कशावर धरणार, फक्त सर्जनच्या फीवर की एकूण बिलावर, हे लिहून घे. तोंडी शब्दावर तर अजिबात जाऊ नकोस, कारण शब्द देणारा मालक टिकतोच असं नाही. सह्याद्री हॉस्पिटल एका न्यूरोसर्जनने उभं केलं. २०१९ मध्ये एव्हरस्टोन, २०२२ मध्ये कॅनडातल्या शिक्षकांचा पेन्शन फंड आणि २०२५ मध्ये मणिपाल, असे त्याचे मालक बदलत गेले. चांगलं की वाईट हा वाद वेगळा. तुझ्या कामाचं म्हणजे, कागदावर नसलेलं नव्या मालकाला लागू नसतं. नोकरी सोडल्यावर त्याच शहरात प्रॅक्टिस करायची नाही असं कलम असेल तर घाबरू नकोस, १८७२ च्या करार कायद्याच्या कलम २७ मुळे ते सहसा टिकत नाही. नोटिशीचा काळ आणि मध्येच सोडल्यास तुझ्याकडून वसूल करायची रक्कम मात्र नीट बघ.

आणि एक गोष्ट पानांत सापडणार नाही, ती तोंडाने विचार. ओपीडीतले किती पेशंट ऑपरेशनला गेले, याचा दरमहा हिशोब तिथं मांडतात का? मूत्रनलिकेतला ५ मिलिमीटरच्या आतला खडा बहुतेक वेळा आपोआप पडून जातो, हे मला तू शिकवायला नको, बाबांच्या ओपीडीबाहेर बसून कळलंय. असा पेशंट तू गोळ्या देऊन घरी पाठवलास तर त्या तक्त्यात तो कुठं बसतो? पाच वर्षं जुन्या एखाद्या सर्जनला कॅन्टीनमध्ये गाठ आणि विचार. एचआरला नको, ते हसून "प्रेशर नाही" म्हणतील. बिलात सूट कोण देतं, तेही विचारून घे. इथं बाबा लाल पेनाने आकडा खोडतात आणि मी बघत बसते. तिथं तुला अर्ज करावा लागेल.

उत्तर पटलं नाही तर दुसरा ग्रुप बघ. "मग मिरजेलाच येतो" असं रागाने म्हणू नकोस. यायचं असेल तर लेसर कुणाच्या पैशाने आणि रात्रीचा फोन कोण घेणार, हे ठरवून ये.

इमारतीची काळजी नको. वरचा मजला फिजिओथेरपीवाल्यांना द्यायचा विचार आहे, बाबा खाली ओपीडी आणि छोटी ऑपरेशनं बघतील.

करार आला की सगळी पानं पाठव, फक्त पगाराचं नको. दादामामा वाचतो म्हणालाय, वकिली फी म्हणून पुरणपोळ्या मागतोय. आणि रविवारी बाबांना फोन कर. त्या लेसरबद्दल त्यांना बरंच विचारायचंय, पण स्वतःहून लावणार नाहीत.

तुझी
आई