बंब मोडीत द्यायचा नाही

तीर्थरूप बाबा आणि आईस,
शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर हा विषय काढला की आई "जेवलीस का?" म्हणून उडवून लावते आणि बाबा टीव्हीचा आवाज वाढवतात. म्हणून लिहिते आहे. आधीच सांगून टाकते : पाणी तापवायचं यंत्र घेतलंय, हायब्रिड हीट पंप म्हणतात त्याला, पैसे भरून झालेत, गुरुवारी माणसं बसवायला येतील. किंमत विचारू नका, सांगणार नाही.

"आमचं काय अडलंय?" असं म्हणशील. अडलंय गं. जुलैत आले होते तेव्हा पहाटे पाचला तू डोक्यावर प्लास्टिकचा कागद घेऊन परसात ओल्या ढलप्या फुंकत होतीस. तुझा खोकला मला माडीवर ऐकू येत होता. मी उठले नाही. पांघरुणात पडून राहिले, आणि पाणी तापल्यावर खाली येऊन निवांत अंघोळ केली. ते मनातून जात नाही. डॉक्टर "धूर टाळा" म्हणाले, तेही तू बाबांच्या सिगारेटवर ढकलून मोकळी झालीस. सिगारेट सुटून अकरा वर्षं झाली!

सोलरचं म्हणाल, तर शेजारी चार मजले उठल्यापासून आपल्या गच्चीवर दहापर्यंत ऊन उतरत नाही, आणि पावसाळ्याचं तर बोलायलाच नको. साधा गिझर बाबांना बिलापायी नको.

बाबा, हे यंत्र म्हणजे उलटा फ्रीज. पंखा खोलीतली हवा ओढतो, आतला गार वायू त्या हवेतली उष्णता घेतो, कॉम्प्रेसर त्याला दाबतो आणि दाबला की तो तापतो. सायकलला हवा भरताना पंपाचं बूड तापतं, ते तुम्हीच मला हात लावून दाखवलं होतं, आठवतं? ती सगळी ऊब टाकीतल्या पाण्यात जाते. वीज लागते ती उष्णता उचलून न्यायला, तयार करायला नाही. म्हणून एका युनिटात साधारण तीन युनिटांचं काम होतं. 100 लिटर पाणी 22 अंशांवरून 55 वर न्यायला गिझर पावणेचार युनिटांच्या वर खातो, हे सव्वा-दीड. तुम्ही कागद घेऊन ताडून बघणारच, बघा.

पावसात कसं चालेल, हा तुमचा पुढचा प्रश्न. झड लागली तरी कोल्हापूरची हवा वीस-बावीस अंश असतेच, तेवढी पुरते. उलट दमट हवेतली वाफ गार कॉइलवर पाणी होताना आपली उष्णता देऊन जाते. ते पाणी नळीतून ठिबकत राहील. आई, यंत्र गळतंय म्हणून मला फोन करू नकोस. नळी मोरीत सोडायला सांगितली आहे.

मी हे दीड वर्ष वापरते आहे, कुणाचं ऐकून घेतलेलं नाही. पहिल्या महिन्यात फसलो मात्र. ह्यांनी ते कपडे धुण्याच्या इवल्याशा खोलीत बसवून घेतलं, वर दार बंद. तीच हवा पुन्हा पुन्हा गार होत गेली, यंत्र धापा टाकायला लागलं आणि आतली विजेची कॉइल आपोआप सुरू झाली. हायब्रिड म्हणतात ते याच जोडकॉइलमुळे. बिल पहिल्याइतकंच आलं. मग जाळीचं दार बसवलं, तेव्हा कुठे ताळ्यावर आलं. म्हणून तुमच्याकडे न्हाणीघरात नाही, मागच्या सोप्यात ठेवायचं, आणि जमिनीवरच. टाकी 200 लिटरची आहे, दिवाळीला आपण सगळे असतो म्हणून. म्हणजे नुसतं पाणीच 200 किलो, माडीच्या फळ्यांवर चढवायचं मनातही आणू नका.

यंत्रापाशी गार वारा सुटेल. बाबांची आरामखुर्ची पुढच्या सोप्यात घ्या. आवाज आपल्या जुन्या फ्रीजइतकाच येतो, तुम्हाला दोन दिवसांत ऐकूही येणार नाही.

आता नीट वाचा. टाकीत पाणी 60 अंशांवर राहील, कोमट ठेवलं तर त्यात जंतू वाढतात. पण 60 चं पाणी अंगावर पडलं तर काही सेकंदांत भाजतं, म्हणून पुढे गार पाणी मिसळणारा व्हॉल्व्ह लावायला सांगितलाय. तो फिरवून बघायचा नाही, बाबा, तुम्हाला कितीही हात शिवशिवले तरी. अर्थिंग मात्र तुम्हीच तपासून घ्या, तिथे मला दुसऱ्या कुणाचा भरवसा नाही. बोअरचं पाणी जोडू द्यायचं नाही, क्षार धरतात. महिन्यातून एकदा हवेची जाळी नळाखाली धुवायची. लाईट गेली तरी पाणी बरेच तास गरम राहतं. लाईट आल्यावर कॉम्प्रेसर दोन-चार मिनिटं गप्प बसतो, तेवढ्यात बटणं दाबत बसू नका. आणि पाणी संपवलं तर पुन्हा तापायला तीन-चार तास लागतात, त्यामुळे आत्या आल्या तर त्यांच्या केसांचं पाणी शेवटी.

आई, रागावलीस? बंब कुठे जात नाही. भंगारवाल्याला आत घ्यायचं नाही, तो कितीही भाव सांगू दे. शाळेचे ओले मोजे तू त्याच्यावर वाळत घालायचीस, आणि धुराच्या वासाचे ते गरम मोजे पायात घालून मी भर पावसात शाळेला जायची. वर्गात सगळ्यांत ऊबदार पाय माझे असायचे. अजूनही पाय गार पडले की तू आठवतेस. चिंच लावून घासून ठेव त्याला. दिवाळीच्या पहिल्या अंघोळीला मी पेटवीन, तू उटणं कालवत लांब बसायचंस.

गुरुवारी अकराला ती माणसं येतील. बाबा, तोवर रंकाळ्याहून परत या, कट्ट्यावर गप्पांत अडकू नका. आई, त्यांना चहा दे, पण जेवायला बसवू नकोस. आणि फोन देव्हाऱ्यापाशी चार्जिंगला लावून ठेवायचा नाही, जवळ ठेवायचा.

तुमची,
बेबी