पदार्थात काय आहे, हे मेनूकार्डावर लिहा

महोदय,

कोथरूडमध्ये आमच्या घराजवळ सुरू झालेल्या एका इटालियन रेस्तराँमध्ये नुकतेच कुटुंबासह जेवण्याचा योग आला. जेवणाने निराशा केली. केवळ चव आवडली नाही एवढ्यावर मी आपल्याला पत्र लिहिले नसते. परंतु एवढा दर मोजणाऱ्या ग्राहकाला ताटात काय आहे हे सांगण्याची तयारीही तेथे कोणाची नव्हती, म्हणून हे लिहीत आहे.

‘आलिओ ए ओलिओ’ हा पदार्थ मुद्दाम मागवला होता, कारण त्यात काही लपवायला जागा नसते. स्पॅगेटी म्हणजे लांब शेवयांसारखा पास्ता, लसूण, ऑलिव्ह तेल, सुकी लाल मिरची आणि वरून थोडे पार्सली, एवढेच त्याचे साहित्य. लसूण मंद आचेवर फिकट सोनेरी होऊ द्यायचा आणि ज्या पाण्यात पास्ता उकळला ते पिठूळ पाणी पळीभर तेलात घालून हलवायचे. मग तेल-पाणी मिळून येते आणि पास्त्याला सगळीकडून लागते. आमच्यासमोर आलेल्या बशीत तेल तळाशी साचले होते, लसूण करपून कडू झाला होता आणि स्पॅगेटी इतकी गिचका झाली होती की काट्याला गुंडाळताना तिचे तुकडे पडत होते. सुका पास्ता ड्युरम गव्हाच्या रव्याचाच असावा, असे इटलीत १९६७च्या कायद्याने ठरवून दिले आहे. आपल्याकडचा बन्सी गहू हाही ड्युरमच. या कठीण गव्हामुळे नीट शिजवलेला पास्ता दाताखाली किंचित ताठ लागतो. ड्युरमचा पास्ता आता वाण्याकडेही मिळतो. तेव्हा साहित्य दुर्मीळ आहे ही सबब येथे चालणार नाही. स्वयंपाकघरात लक्ष नव्हते, हेच खरे कारण.

‘व्हेज कार्बोनारा’ची गोष्ट याहून खटकणारी आहे. कार्बोनारा हा रोमचा पास्त्याचा पदार्थ अंड्याचा बलक, पेकोरिनो चीज, मिरपूड आणि डुकराच्या गालाचे खारवलेले मांस यांवर उभा असतो. शाकाहारी ग्राहकांसाठी त्यात बदल करण्यास माझी मुळीच हरकत नाही, मात्र अंडे आणि मांस दोन्ही वगळून मैद्याचा पांढरा सॉस घातला असेल, तर तसे लिहावे. तोच सॉस, त्याच चवीचा, मुलीने मागवलेल्या ‘अल्फ्रेडो’ या पांढऱ्या सॉसच्या पास्त्यातही होता, आणि मेनूकार्डावर या दोन पदार्थांचे दर वेगवेगळे होते.

पिझ्झ्यावर कोणते चीज आहे, असे वाढणाऱ्या मुलाला विचारले. त्याने आत जाऊन ‘मिक्स चीज’ एवढेच उत्तर आणले. व्यवस्थापकांनीही ‘सगळीकडे हेच वापरतात’ असे सांगून विषय संपवला. ते चीज बनावट होते, असा माझा आरोप नाही. तपासणीशिवाय तसे म्हणणे अन्यायाचे होईल. परंतु दुधातल्या स्निग्धांशाऐवजी वनस्पती तेल वापरून केलेला ‘अ‍ॅनलॉग’ नावाचा पदार्थ बाजारात सर्रास विकला जातो, आणि नियमानुसार त्याच्या वेष्टनावर त्याला चीज म्हणता येत नाही. वेष्टन स्वयंपाकघरातच राहते, पिझ्झा टेबलावर येतो. मग ही माहिती ग्राहकापर्यंत पोहोचणार कशी? ज्यांच्या घरी लहान मुले, हृदयरोगी किंवा दुधाची अ‍ॅलर्जी असलेले कोणी आहे, त्यांच्यासाठी हा प्रश्न चवीपुरता नाही.

बिलात न विचारता सेवाशुल्कही लावले होते. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२मध्ये यास मनाई केली आहे आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५मध्ये ती उचलून धरली आहे. हे लक्षात आणून दिल्यावर रक्कम लगेच वजा झाली. पण जे ग्राहक विचारत नाहीत, त्यांच्याकडून ती घेतलीच जात असणार.

परदेशातून महागडे चीज मागवा, असे माझे म्हणणे नाही. इटलीतल्या कॅम्पानियाचे प्रसिद्ध मोझरेला चीज म्हशीच्याच दुधाचे असते, आणि म्हशीच्या दुधाची आपल्या राज्यात काय वाण आहे? माझी मागणी साधी आहे: प्रत्येक पदार्थाखाली चीजचा प्रकार, अंडे आहे की नाही आणि मूळ पदार्थात केलेला बदल एका ओळीत मराठीत छापावा. अन्न व औषध प्रशासनाने शहरातील अशा रेस्तराँमधील चीजचे नमुने तपासावेत आणि निष्कर्ष आस्थापनांच्या नावांसह जाहीर करावेत, अशी आपल्या दैनिकामार्फत विनंती करतो.

– एक वाचक, कोथरूड, पुणे