डासाच्या मिशा तपासणाऱ्या बाईंना

आदरणीय बाई,
सप्रेम नमस्कार.

या पत्रात तुमचं नाव नाही. "नाव छापलंस तर पुढचं स्केच बघणार नाही," ही तुमची जुनी धमकी मी अजून खरी धरते. पण चित्राखाली नाव माझं येतं, मानधन माझ्या खात्यात जमा होतं, आणि त्या चित्रात जे बरोबर असतं त्यातलं बरंचसं तुमचं असतं. हे चार लोकांना कळावं म्हणून पत्र उघडं लिहितेय. ओळखणारे ओळखतील, त्याला माझा इलाज नाही.

मी जी. डी. आर्टवाली. विज्ञान दहावीला सुटलं ते सुटलंच. मासिकांची कामं मिळायला लागली तेव्हा फोन यायचे ते असे: "मलेरियावर लेख आहे, एक डास टाका, जरा भीतिदायक." किंवा "जनुकांवर आहे, ते पीळवालं काहीतरी काढा." दिवाळी अंकाच्या हंगामात तर चित्र आधी मागतात आणि लेख मागाहून येतो. अशा वेळी हाताशी असतं ते इंटरनेटवरचं दुसऱ्या कुणाचं तरी चित्र, आणि त्यानेही ते तिसऱ्याचं बघून काढलेलं असतं. एका ओळखीच्या ताईंनी तुमचा नंबर दिला. कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायच्या, आता निवृत्त आहेत, बोलतात भरपूर, एवढीच माहिती मिळाली होती.

डासाबद्दल विचारलं तर तुम्ही मलाच उलटं विचारलंत, "तुझा डास करतोय काय?" चावतोय, म्हटलं. "मग ती मादी. मिशा विरळ काढ. झुपकेदार मिशा नराच्या, आणि तो बिचारा फुलांचा रस पिऊन जगतो." पुढचा प्रश्न, "बसलीय कशी?" मलेरियाची ॲनॉफिलीस डोकं खाली आणि पोटाचं टोक वर अशी तिरकी बसते, क्युलेक्स हा दुसरा डास भिंतीला समांतर. ॲनॉफिलीस मादीच्या सोंडेच्या दोन्ही बाजूंचे स्पर्शक जवळपास सोंडेइतके लांब. पंखांवर ठिपके. ब्रिटिश डॉक्टर रोनाल्ड रॉसने ऑगस्ट १८९७ मध्ये सिकंदराबादला ज्या डासाच्या जठराच्या भिंतीत मलेरियाचा परजीवी पाहिला, त्या डासाच्या जातीचं नाव त्यालाही ठाऊक नव्हतं. ठिपकेदार पंखांचा डास, अशीच त्याने ओळख ठेवली होती, हे तुमच्याकडूनच कळलं. "नाव नंतर येतं गं, आधी ठिपके दिसावे लागतात." डेंग्यूच्या लेखाच्या वेळी पायांवरचे पांढरे पट्टे आले, आणि वर ताकीद: पाठीवर मधोमध एकच पांढरी रेघ ओढलीस तर ती एडिस इजिप्ती राहणार नाही, तिची चुलत बहीण अल्बोपिक्टस होईल.

या शिकवणीचा एक तोटा झाला. आता जनजागृतीच्या फलकावर झुपकेदार मिशांचा नर कुणाच्या तरी दंडावर बसून रक्त पिताना दिसला की मी रस्त्यात थांबते. सोबतच्यांना लाज वाटते.

पुढे तुम्ही छापखान्यापर्यंत पोचलात. मांडणी करणाऱ्याला चित्रातली आकृती पानाच्या आत बघणारी हवी असते, म्हणून तो चित्र आडवं उलटवतो. माणसाच्या चेहऱ्याचं त्याने फारसं बिघडत नाही. डीएनएचं बिघडतं. त्याचा नेहमीचा पीळ उजवा, म्हणजे समोरून दिसणारी फीत डावीकडून उजवीकडे चढत जाते. चित्र उलटलं की पीळ डावा. एका अंकात माझा शंख असाच पालटून छापला गेला. नेहमीचा शंख आरशात पाहिल्यासारखा उलटला की तो दक्षिणावर्ती होतो, जो लोक शोधत फिरतात आणि वाटेल ती किंमत मोजतात. मी चिडून फोन केला तर तुम्ही हसत सुटलात. "अंकवाल्यांनी फुकटात लक्ष्मी आणली की!" तेव्हापासून माझ्या प्रत्येक फाइलच्या नावातच लिहिलेलं असतं: उलटवू नये.

मला तुमचं सगळ्यात जास्त कौतुक वाटतं ते मात्र वेगळ्याच गोष्टीचं. शास्त्र जाणणारी माणसं चित्रकाराच्या कल्पनेवर लगेच लाल पेन चालवतात, असा माझा अनुभव होता. झोपेवरच्या लेखासाठी मी दुलई पांघरलेला मेंदू काढला, तेव्हा मी तुम्हाला तो दाखवायलाही कचरत होते. तुम्ही दुलईवर एक अक्षर बोलला नाहीत. बाहेर दिसणाऱ्या लहान मेंदूच्या आडव्या, बारीक वळ्या तेवढ्या नीट करायला लावल्यात. "दुलई खोटी आहे हे वाचकाला कळतं. वळ्या खोट्या असल्या तर कळणार नाही." संपादकीय चित्र आणि शास्त्रीय आकृती यांतला फरक कुठल्याही वर्गात मला इतक्या थोडक्यात कुणी सांगितला नव्हता.

डीएनएची रचना मांडणाऱ्या वॉटसन आणि क्रिक यांच्या १९५३ च्या 'नेचर'मधल्या निबंधातली ती दोन फितींची आकृती क्रिकच्या बायकोने, ओडीलने काढली होती, ती चित्रकार होती, हेही तुम्हीच सांगितलंत. (माझा भाव वाढवण्यासाठी सांगितलं असणार.) आकृतीखाली त्यांनी स्वच्छ लिहून ठेवलं होतं की ही केवळ सांकेतिक आकृती आहे, फिती म्हणजे शर्करा आणि फॉस्फेटच्या साखळ्या, आडव्या काड्या म्हणजे बेसच्या जोड्या. करोनाच्या काळात लाल काट्यांचा राखाडी गोळा जगभर पोचला, तेव्हाही तुमचा प्रश्न तयार होता: "याला रंग कुणी दिला?" विषाणू साधारण १०० नॅनोमीटरचा, दृश्य प्रकाशाची सगळ्यात आखूड तरंगलांबीही ४०० च्या आसपास. तिथे रंग नसतोच. लाल हा चित्रकारांचा निर्णय, आणि माझ्या मते उत्तम निर्णय. पण माझ्या चित्राखाली 'रंग काल्पनिक' ही ओळ घालायला तुम्ही लावलीत आणि संपादकांनी जागा नाही म्हणून ती काढली, यावरून तुम्ही आठवडाभर माझ्यावर रुसला होतात.

तुमची आवडती गोष्ट गेंड्याची. गुजरातच्या सुलतानाने पोर्तुगीजांना भेट दिलेला गेंडा १५१५ च्या जानेवारीत गोव्याहून जहाजाने निघाला आणि मे महिन्यात लिस्बनला उतरला. जर्मन चित्रकार ड्युररने तो कधीच पाहिला नाही. कुणाचं तरी पत्र आणि एक कच्चं रेखाटन, एवढ्यावर त्याने जर्मनीत बसून लाकडी ठशासाठी चित्र काढलं: चिलखत घातल्यासारखी कातडी आणि खांद्यांवर एक जादा शिंग. ते शिंग पुढे दोनशेहून जास्त वर्षं युरोपभर पुस्तकांतून नक्कल होत राहिलं, कारण चित्र देखणं होतं. माझ्या मते ते आजही देखणं आहे, त्यावर आपलं भांडण चालूच राहील. पण ठाऊक नसेल तिथे शाई लावायची नाही, पेन्सिलच ठेवायची आणि विचारायचं, हा तुमचा नियम त्या शिंगामुळे माझ्या डोक्यात पक्का बसला.

एक तक्रारही इथेच नोंदवते, तुमच्याविरुद्ध नाही. लेखकाला मानधन असतं, चित्रकाराला (उशिरा का होईना) असतं, मुद्रितशोधकालाही असतं. चित्रातलं शास्त्र तपासणाऱ्याला काहीच नसतं. मी बिलात तशी वेगळी रक्कम लावून पाहिली, एका संपादकांनी "हे काय नवीन?" म्हणून ती खोडली. यंदा पुन्हा लावणार आहे. मंजूर झाली तर पैसे तुम्हाला घ्यावे लागतील, नाही म्हणायचं नाही.

सह्याद्रीतल्या देवगांडुळावरचं (गांडूळ नव्हे, बेडकाच्या गोतातला बिनपायांचा उभयचर) काम आलं आहे. रफ शुक्रवारी पाठवते. अंगावरची कडी मोजून काढली आहेत. डोळा आणि नाकपुडी यांच्यामधला तो बारीक स्पर्शक नेमका कुठे बसवायचा ते जातीगणिक बदलतं ना, म्हणून तिथे अजून पेन्सिलच आहे. चष्मा लावून बघा.

तुमची,
डासवाली