गुरुजी, आमच्या पणज्याचा पत्ता लावून दिल्याबद्दल

नमस्कार गुरुजी,

फोनवर थँक्यू म्हटलं की तुम्ही "जेवण झालं का रे" विचारून विषयच बदलता, म्हणून इथं सगळ्यांसमोर लिहून टाकतोय, आता बदला विषय.

बाकीच्यांसाठी थोडक्यात. पुतणीच्या कास्ट व्हॅलिडिटीसाठी कागद पाहिजे होते. आम्ही ढिवर, एनटी-ब (भटक्या जमाती-ब), म्हणजे 1961 च्या आधीचा पुरावा लागतो. आज्याचा शाळेतला दाखल-खारीज उतारा मिळाला आन् खरं तर काम तिथंच झालं होतं, पण त्यात आज्याच्या बापाचं नाव वाचलं अन् डोक्यात किडा शिरला की हा माणूस होता तरी कोण? घरात एवढंच माहीत की तो मासोळ्या मारायचा आणि त्याला वैनगंगेनं नेलं. जिथं विचारावं तिथं पहिला प्रश्न, सातबारा आहे का? अरे, ज्याचं पोट पाण्यावर त्याचा सातबारा कुठून आणू? एका ऑफिसात तर मान वर न करता उत्तर मिळालं, जमीन नाही तर रेकॉर्ड नाही.

तुम्ही पहिल्याच भेटीत भलतंच विचारलं, "त्याच्या बायकोचं माहेर कोणतं?" मला वाटलं गुरुजी आता सोयरीक काढत बसणार. पण तुमचं गणित सरळ होतं. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणजे आज्याचा जन्म आमच्या गावच्या कोतवाल बुकात, म्हणजे गावच्या जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदवहीत, सापडणारच नाही, तो मामाच्या गावच्या बुकात पाहायचा. आणि ते गाव अर्जुनी मोरगावकडचं, 1999 ला गोंदिया जिल्हा वेगळा झाला त्यात गेलेलं, अन् आम्ही आपले भंडाऱ्यातच चपला झिजवत होतो.

ते पान एका कडेनं वाळवीनं खाल्लेलं, वरून मोडी, मला तर मुंग्यांची रांग दिसत होती. तुम्ही चष्मा कपाळावर चढवला, भिंग धरलं आणि ओळीखालून बोट सरकवत वाचत गेलात. मुलगा, बापाचं नाव, जात ढीमर (म्हणजे आम्ही ढिवरच), राहणार... आणि थांबलात. राहणार आमच्या गावचा नाहीच, नवेगावबांधाकडच्या एका खेड्याचा! मी म्हटलं दुसराच कोणी असेल, तर तुम्ही हसलात. तलाव मालगुजाराचा, म्हणजे गावच्या जमीनदाराचा, त्यात जाळं टाकायचं तर त्याची मर्जी पाहिजे, एका ठिकाणी जमलं नाही की डोंगा-जाळं घेऊन दुसऱ्या तलावावर बिऱ्हाड, असं तुम्ही सांगितलं तेव्हा कुठं कळलं की हा माणूस एका गावात का सापडत नव्हता.

मग त्या खेड्याची मृत्यूची पानं, 1918 ची, दिवाळीच्या आगंमागंची. मानमोडीची, म्हणजे इन्फ्लूएंझाची साथ. कारणाच्या रकान्यात ताप, खाली ताप, त्याच्या खाली परत ताप, पानभर. त्यातच आमचा पणजा. मला वाटते लिहिणाऱ्यालाही कंटाळा आला असेल, शेवटी शेवटी नुसती रेघ ओढलीय. म्हणजे नदीनं नाही, तापानं नेलं. आज्याला आई घेऊन आली ती बहिणीकडं, आमच्या आत्ताच्या गावात, आणि म्हणून आम्ही इथले. मोठी आत्या अजून मानत नाही बरं का, "त्या कागदवाल्याले का मालूम, माह्या बापानं सांगतलं ना नदीनं नेलं म्हणून" म्हणते. तिच्याशी कोण भांडणार.

गुरुजी, तुम्ही पैसे तर घेतलेच नाही, झेरॉक्सचेसुद्धा तुम्हीच दिले, वर काकूंनी जेवल्याशिवाय कधी सोडलं नाही. पुतणीची व्हॅलिडिटी झाली, तिनं नमस्कार सांगितलाय. तुम्ही मासे सोडले हे माहीत आहे म्हणून मरळ आणत नाही, पण तलावातले शिंगाडे निघाले की पोतं घेऊन येतो, तेव्हा घरी राहा म्हणजे झालं. आणि हो, आईच्या बाजूचा पणजाही असाच गायब आहे, ते आल्यावर बोलू.